रतिबाची पिशवी आणि आपला चुकलेला प्रश्न

सबस्क्रिप्शनला मराठी प्रतिशब्द शोधायची गरज नाही. रतीब हा शब्द आपल्याकडे आहेच. दुधाचा रतीब असतो, पेपरचा असतो, पूर्वी फुलपुडीचाही असायचा. आता कॉफीच्या बियांचा, भाजणीचा, मेतकुटाचा, कुत्र्याच्या खाऊचाही असतो. ठरलेला माल, ठरलेल्या तारखेला, दाराशी. फरक इतकाच की दूधवाला रोज यायचा आणि भाजणी महिन्यातून एकदा कुरिअरने येते. हा फरक लहान वाटतो, पण तो न बघितल्यामुळे बरेच प्रबंध वाया जातात, आणि त्यातला एक माझा आहे.

आजची टीका कुणा एका शोधनिबंधावर नाही, एका साच्यावर आहे. तुमच्यापैकी जे फूड टेक्नॉलॉजी, पॅकेजिंग किंवा होम सायन्समध्ये संशोधनाची तयारी करताय, त्यांना हा साचा लगेच ओळखू येईल. विषय असतो ‘घरपोच जाणाऱ्या अमुक पदार्थासाठी लवचिक वेष्टनाची निवड’. प्रस्तावनेत ऑनलाइन खरेदी कशी वाढतेय याचा एक परिच्छेद. मग तीन-चार फिल्म घ्यायच्या: साधं पॉलिथिन, पॉलिस्टर-पॉलिथिन, मेटलाइज्ड पॉलिस्टर-पॉलिथिन आणि ॲल्युमिनियम फॉइलचं लॅमिनेट. पदार्थ भरायचा, सील करायचा, ३८ अंश सेल्सिअस आणि ९० टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या कपाटात ठेवायचा. दर पंधरा दिवसांनी पाकिटं काढून ओलावा, वॉटर ॲक्टिव्हिटी, पेरॉक्साइड व्हॅल्यू मोजायची. विभागातल्या दहा-बारा जणांना चाखायला देऊन नऊ गुणांच्या मोजपट्टीवर मार्क घ्यायचे. ॲनोव्हा करायचा. निष्कर्ष: फॉइल सर्वोत्तम, मेटलाइज्ड दुसरं, साधं पॉलिथिन शेवटचं.

आता स्वतःलाच विचारा, हा निष्कर्ष प्रयोग सुरू होण्याआधी माहीत नव्हता का? फॉइलमधून पाण्याची वाफ जवळजवळ जात नाही, पॉलिथिनमधून थोडी जाते, ऑक्सिजन तर पॉलिथिनमधून बिनधास्त जातो. हे पॅकेजिंगच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात असतं, गॉर्डन रॉबर्टसन यांच्या जाडजूड ‘फूड पॅकेजिंग’मध्ये तर तक्त्यांसकट आहे. आपण पंचेचाळीस दिवस कपाटाचं वीजबिल वाढवून पुस्तकातला तक्ता पुन्हा छापला, एवढंच.

मी एम.टेक.ला नेमकं हेच केलं. पदार्थ होता थालीपीठाची भाजणी. रत्नागिरी जिल्ह्यातला एक बचत गट दर महिन्याला पुण्या-मुंबईला आणि बेंगळुरूला अर्धा किलोची पाकिटं पाठवायचा. माझा निष्कर्ष वरच्यासारखाच निघाला, मार्क चांगले पडले. पण गोष्ट तिथे थांबली नाही. गटाच्या काकूंनी माझा निष्कर्ष खरा मानला. त्यांनी फॉइलचे उभे राहणारे झिपवाले पाऊच घेतले. ज्यांनी हा व्यवहार बघितला नाही त्यांच्यासाठी सांगते: छापील पाऊच शे-दोनशेच्या संख्येने मिळत नाहीत. ग्रॅव्हर छपाईला प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर लागतो, त्याचा खर्च वेगळा आणि किमान ऑर्डर मोठी. त्यामुळे छोटे उद्योग बाजारात तयार मिळणारे कोरे पाऊच घेऊन त्यावर स्टिकर लावतात. तेही गठ्ठ्याने घेतले तरच परवडतात. काकूंनी वर्षभराचे घेतले. आधीच्या पिशवीच्या कितीतरी पट महाग.

आठ महिन्यांनी मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी तक्रारींची वही पुढे सरकवली. तक्रारी कमी झाल्या नव्हत्या.

“अगो, पाकीट बंद असतं तेव्हा कोण कशाला फोन करील?” काकू म्हणाल्या. “उघडल्यावर फोन येतात.”

या एका वाक्यासमोर माझं तिसरं प्रकरण सगळंच्या सगळं कोसळलं. कारण माझी सगळी पाकिटं शेवटपर्यंत बंद होती. आपण ज्याला शेल्फ लाइफ म्हणतो ते दुकानाच्या फळीवरचं आयुष्य. दुकानातल्या मालाचा ग्राहक कोण, तो कधी येणार, हे माहीत नसतं, म्हणून पाकीट सहा महिने टिकायला हवं. रतिबात फळीच नाही. माल भाजल्यापासून चार-पाच दिवसांत निघतो, तीन-चार दिवसांत पोचतो. बंद अवस्थेतला काळ आठ-दहा दिवसांचा. उघड्या अवस्थेतला काळ पंचवीस दिवसांचा. आणि आपण मोजतो तो पहिला.

आकडे मांडून बघू, कारण हा युक्तिवाद नुसता ऐकायला बरा वाटून उपयोग नाही. अर्धा किलोची पिशवी साधारण २० बाय २८ सेंटिमीटर धरा. दोन बाजू मिळून ११२० चौरस सेंटिमीटर, म्हणजे ०.११२ चौरस मीटर. भाजणीत सुरुवातीला ६ टक्के ओलावा आहे आणि १० टक्क्यांपर्यंत चालतो असं समजा. म्हणजे साधारण २० ग्रॅम पाणी आत यायची मुभा आहे. आता एका फिल्मची बाष्प-पारगम्यता ३८ अंश आणि ९० टक्के आर्द्रतेला दिवसाला चौरस मीटरमागे १ ग्रॅम धरा. रोज ०.११२ ग्रॅम पाणी आत येईल, २० ग्रॅम व्हायला जवळपास सहा महिने लागतील. दुसरी फिल्म आठपट वाईट, ८ ग्रॅमची. रोज सुमारे ०.९ ग्रॅम, म्हणजे २२ दिवसांत मुभा संपली. दुकानासाठी ही दुसरी फिल्म बाद. पण रतिबाच्या दहा दिवसांत तिच्यातून ९ ग्रॅमच येतं, निम्म्याहून कमी. तेही कपाटाच्या छळातलं. खऱ्या घरात चोवीस तास ३८ अंश आणि ९० टक्के नसतात. शिवाय पदार्थ जसजसा ओला होतो तसतसा बाहेरच्या-आतल्या बाष्पदाबातला फरक कमी होत जातो, म्हणजे माझा सरळ रेषेचा हिशोब वाईटात वाईट धरलेला आहे. हा उतार धरणारं समीकरण मिनेसोटा विद्यापीठातल्या थिओडोर लाबुझा यांच्या लेखनात मिळेल. ते जरूर शिका. पण तेही बंद पिशवीचंच आहे, हे विसरू नका.

तर मग साधी पिशवी बरी, असं म्हणायचंय का? नाही. थांबा. ओलाव्याची बाजू झाली, ऑक्सिजनची वेगळी आहे, आणि माझ्या मते साच्याची सगळ्यात मोठी चूक तिथे आहे.

भाजणी म्हणजे पीठ. पिठाच्या कणांमध्ये हवा असते, वर पिशवीत मोकळी जागा असते. दोन्ही मिळून अर्धा लिटर हवा आत अडकली असं समजा. त्यात २१ टक्के ऑक्सिजन, म्हणजे १०५ मिलिलिटर. आता चांगली मेटलाइज्ड फिल्म घ्या, जिची ऑक्सिजन-पारगम्यता दिवसाला चौरस मीटरमागे १ मिलिलिटर आहे. हा आकडा बाहेर शुद्ध ऑक्सिजन असताना मोजलेला असतो. आपल्या भोवती हवा असते, म्हणून ०.२१ ने गुणायचं. (ही पायरी विसरलेले निबंध मी वाचलेत. परीक्षक झालात तर आधी हेच तपासा.) ०.११२ गुणिले १ गुणिले ०.२१ गुणिले ३० दिवस म्हणजे महिन्याला ०.७ मिलिलिटर. पिशवीच्या भिंतीतून महिन्याभरात जितका ऑक्सिजन आत आला, त्याच्या दीडशे पट आपण स्वतःच सील करताना आत कोंडला होता! अशा वेळी मेटलाइज्डच्या जागी फॉइल घेणं म्हणजे घरात चोर बसलेला असताना दाराला दुसरं कुलूप लावणं. नायट्रोजन भरून हवा काढली असती तर फॉइलला अर्थ आला असता. काकूंकडे पायाने दाबायचं सीलिंग मशीन होतं. आणि माझ्या प्रबंधात ‘हेडस्पेस’ हा शब्द एकदाही नव्हता.

मात्र मेटलाइज्ड आणि साधं पॉलिस्टर-पॉलिथिन यांच्यातला फरक असा झटकून टाकता येत नाही. पारगम्यता १०० मिलिलिटर धरलीत तर महिन्याला ७० मिलिलिटर येतात, म्हणजे कोंडलेल्याच्या तोडीस तोड. तेव्हा तक्ता निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. तक्त्यातली कुठली पायरी तुमच्या पदार्थाला लागू आहे हे तक्ता सांगत नाही, एवढंच म्हणतेय.

आता त्या वहीकडे वळू. तक्रारी नीट वाचल्या तर त्या दोन जातींच्या होत्या. एक, पावसाळ्यातल्या: भाजणीच्या गुठळ्या झाल्या. या जवळजवळ सगळ्या खोली घेऊन राहणाऱ्या मुलामुलींच्या. ते पाकिटातच भाजणी ठेवतात. झिप होती ना? होती. पण पिठाच्या पाकिटाची झिप चार वेळा उघडली की खाचेत पीठ बसतं आणि ती लागतच नाही. मग रबरबँड. पिठासाठी वेगळ्या बनावटीची झिप मिळते हे मला नंतर कळलं. माझ्या प्रयोगात मी एकही झिप एकदाही उघडली नव्हती.

दुसरी जात जास्त चमत्कारिक. ‘जुना वास येतो’, ‘कडवट लागतं’. या घरच्या माणसांच्या, आणि पहिल्या-दुसऱ्या महिन्यात एकही नाही. चौथ्या-पाचव्या महिन्यानंतर सुरू. आता हे कोडं तुम्ही सोडवून बघा. पाकीट तर दर महिन्याला ताजं जातंय!

आपल्या घरात पीठ पाकिटात कोण ठेवतं? आल्या दिवशी डब्यात ओततात. म्हणजे जिच्यावर मी दोन वर्षं घातली ती पिशवी अर्ध्या घरांत पहिल्या दिवशीच कचऱ्यात जाते आणि खरं वेष्टन असतं स्टीलचा डबा. आणि त्या डब्यात तळाशी मागच्या महिन्याची भाजणी असते. तिच्यावर नवी पडते. थालीपीठ वरच्या भाजणीचं होतं, तळाची तळालाच राहते.

आणि ती उरते का? कारण रतीब आपल्या भुकेप्रमाणे येत नाही, तारखेप्रमाणे येतो. महिन्याला ५०० ग्रॅम येतात आणि घर ४०० संपवतं असं धरा. पाचव्या महिन्याअखेर अर्धा किलो, म्हणजे एक अख्खं पाकीट, जास्तीचं झालं. दहाव्या महिन्याअखेर एक किलो. ४०० ग्रॅमच्या वेगाने ते संपायला अडीच महिने लागतात, म्हणजे त्यानंतर आलेलं पाकीट, अगदी शिस्तीने जुनं आधी वापरलं तरी, अडीच महिने फळीवर बसून राहणार. बघा, ज्या फळीला आपण रतिबातून हाकललं होतं ती स्वयंपाकघरात परत आली. पण ती दुकानाच्या फळीसारखी नाही. दुकानातला मुक्काम मागणीवर ठरतो. इथला मुक्काम महिन्याला किती शिल्लक राहतं यावर ठरतो आणि दर महिन्याला वाढत जातो.

अडीच महिने बंद पाकीट! मग इथे तरी फॉइल कामाला यायला हवी होती, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणाले. पण एक तर ते कोंडलेले १०५ मिलिलिटर. आणि दुसरं, भाजणीत बाजरी असते. बाजरीचं पीठ लवकर कडू होतं हे तुमच्या आजीला विचारलंत तरी कळेल. त्यात मोठा वाटा लायपेझ या विकराचा. तो पिठातल्या स्निग्धाचे तुकडे करून मुक्त मेदाम्लं तयार करतो, आणि त्याला त्यासाठी बाहेरून ऑक्सिजन यावा लागत नाही. बाजरी पुरेशी भाजली तर विकर मंदावतो. म्हणजे उपाय पिशवीत कमी आणि कढईत जास्त. मी पेरॉक्साइड व्हॅल्यू मोजत बसले होते, मुक्त मेदाम्लं मोजलीच नव्हती. का? कारण ज्या निबंधावरून मी पद्धत उचलली त्यात तळलेला पदार्थ होता आणि त्यात पेरॉक्साइड मोजलं होतं.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी इथे जरा रेंगाळावं असं मला वाटतं. माझी उपकरणं चुकली नव्हती. एएसटीएम एफ १२४९ प्रमाणे बाष्प-पारगम्यता, डी ३९८५ प्रमाणे ऑक्सिजन-पारगम्यता, सगळं बरोबर. संख्याशास्त्र बरोबर. व्हायव्हाला कुणी बोट ठेवलं नाही. चुकला तो प्रश्न, आणि चुकलेला प्रश्न आकडेवारीत दिसत नाही. पी व्हॅल्यू ०.०५ पेक्षा कमी येतेच, कारण फॉइल आणि पॉलिथिनमध्ये फरक आहेच!

या साच्यातल्या आणखी दोन सवयी थोडक्यात. पहिली, सपाट फिल्मचे आकडे मोडक्या-दुमडलेल्या फिल्मला लावणं. कुरिअरच्या पोत्यात पाऊच चुरगळतो. फॉइल पातळ असली तर घडीवर बारीक छिद्रं पडतात, आणि तिचा सगळा दिमाख त्या छिद्रांतून निघून जातो. याच्यासाठी गेल्बो नावाचं यंत्र असतं, फिल्मला ४४० अंशांपर्यंत पीळ देऊन दाबतं-सोडतं. एएसटीएम एफ ३९२ मध्ये त्याची रीत आहे. आधी पिळा, मग पारगम्यता मोजा. आधी मोजून थांबू नका. ईव्हीओएच असलेल्या फिल्मचंही असंच: कोरड्या हवेत तिचा ऑक्सिजनचा आकडा देखणा असतो, दमट हवेत तो ढासळतो. डेटाशीटवर आकड्याखाली बारीक अक्षरात ‘० टक्के आर्द्रता’ लिहिलेलं असेल तर कोकणातल्या जुलैसाठी तो आकडा शोभेचा आहे.

दुसरी सवय, उष्ण कपाटातल्या दिवसांचे घरातले दिवस करताना क्यू-१० हा गुणक डोळे मिटून २ धरणं. दहा अंश वाढले की वेग दुप्पट. ४५ अंशांच्या कपाटातला एक महिना म्हणजे २५ अंशांचे चार महिने. पण तुमच्या पदार्थात तो गुणक ३ असेल तर तेच नऊ महिने होतात. चार आणि नऊ यांतला फरक पाकिटावर तारीख म्हणून छापला जातो. किमान तीन तापमानं घ्या आणि गुणक स्वतः काढा. वेळ नसेल तर तसं लिहा, पण दुसऱ्याचा २ उसना घेऊ नका.

आता पर्यावरणाच्या प्रकरणाबद्दल. हल्ली अशा प्रबंधांच्या शेवटी ते जोडायची पद्धत पडलीय. आयएसओ १४०४४ मध्ये फंक्शनल युनिट नावाची अट आहे: तुलना करण्याआधी, ही वस्तू नेमकं कोणतं काम करतेय आणि किती, ते लिहा. साच्यात लिहिलेलं असतं ‘१ किलो पदार्थ पॅक करणे’. यावर माझा आक्षेप आहे. पिशवीचं काम पॅक होणं नसून पदार्थ खाल्ला जाणं आहे. ‘१ किलो पदार्थ चांगल्या अवस्थेत खाल्ला जाणे’ असं एकक घेतलंत की हिशोब उलटा फिरतो. आपली ०.११२ चौरस मीटरची पिशवी ७५ मायक्रॉनची असेल तर तिचं वजन आठ-साडेआठ ग्रॅम. तिच्यातली शंभर ग्रॅम भाजणी कडू होऊन फेकली गेली तर शेत, खत, दळण, भाजण्याचा गॅस हे सगळं फेकलं गेलं. आठ ग्रॅमचे सहा करायला केवढे निबंध लिहिले जातात, आणि फेकलेल्या शंभरांवर अवाक्षर नसतं.

म्हणून मला आता असं वाटतं की इथला खरा पर्याय फॉइल की पॉलिथिन हा नव्हताच. तो होता अर्धा किलोचं एक पाकीट की पाव किलोची दोन. आकार सारखा ठेवून वजन निम्मं केलं तर पृष्ठभाग निम्मा होत नाही, साधारण ०.६३ पट होतो. दोन पाकिटांना मिळून १.२६ पट, म्हणजे २६ टक्के फिल्म जास्त. वजनात सांगायचं तर दोन-सव्वादोन ग्रॅम. त्याच्या बदल्यात प्रत्येक पाकीट उघडं राहायचा काळ निम्म्यावर येतो, आणि ज्याच्याकडे साठलंय त्याला ‘या महिन्यात एकच पाठवा’ म्हणता येतं. फिल्म जास्त लागते म्हणून साच्यातल्या हिशोबात हा पर्याय हरतो. खाल्लेल्या किलोच्या हिशोबात तो जिंकतो का, हे मोजावं लागेल. पण तो तक्त्यात असायला तर हवा!

दुधाच्या रतिबाने हे केव्हाच ओळखलं होतं. आरेच्या काचेच्या बाटल्या गेल्या आणि पिशव्या आल्या. दुधासारखा नाजूक पदार्थ, आणि पिशवी कसली, तर साध्या पॉलिथिनची, ऑक्सिजन अडवायच्या नावाने शून्य. चालतं, कारण रतीब रोजचा आहे आणि थंड आहे. अडथळ्याचं काम वेळापत्रक करतं, फिल्म नाही. आणि एकाच प्लास्टिकची असल्यामुळे ती पिशवी धुऊन-वाळवून भंगारवाल्याकडे किलोवर विकता येते. २०१८ मध्ये महाराष्ट्राने प्लास्टिकबंदी आणली तेव्हा दुधाच्या पिशवीला सूट देताना ती ५० मायक्रॉनपेक्षा जाड हवी आणि तिच्यावर किमान ५० पैसे परतावा छापलेला हवा अशी अट घातली. पिशवी पैशाला परत घेण्याची कल्पना सरकारला सुचण्याआधी घराघरांत होती. फक्त एक गोष्ट निसटते: कात्रीने कापून टाकलेला तो कोपऱ्याचा त्रिकोण. तो इतका लहान असतो की कुणी वेचत नाही. पॅकेजिंगवर संशोधन करायचं असेल तर पिशवी कशी उघडली जाते हे बघायला घराघरांत जा, असं मी म्हणते ते यासाठी.

फॉइलच्या लॅमिनेटला भंगारवाला हात लावत नाही. थर वेगळे होत नाहीत, भाव नाही. २०१६ च्या प्लास्टिक कचरा नियमांत पुनर्चक्रण न होणारं बहुस्तरीय प्लास्टिक दोन वर्षांत बंद करायचं म्हटलं होतं. २०१८ च्या दुरुस्तीत त्याला ‘ऊर्जाही मिळवता येत नाही आणि दुसरा वापरही नाही’ अशी शेपटी जोडली गेली, आणि भट्टीत जाळता येणारं जवळपास सगळं सुटलं. पुढे २०२२ मध्ये उत्पादकांच्या जबाबदारीचे जे वर्ग ठरले त्यांत लवचिक प्लास्टिक दुसऱ्या वर्गात आलं, मग ते एका थराचं असो की वेगवेगळ्या प्लास्टिकच्या अनेक थरांचं. प्लास्टिकेतर थर असलेलं, म्हणजे फॉइलवालं, तिसऱ्यात गेलं. हे वर्ग वसुलीच्या हिशोबासाठी आहेत. पण साचेबद्ध प्रबंधात ‘दुसरा वर्ग, म्हणून पुनर्चक्रणयोग्य’ असं सरळ वाक्य येतं. पॉलिस्टर-पॉलिथिन आणि निव्वळ पॉलिथिन एकाच वर्गात असले तरी भंगारवाल्याच्या तराजूत एका भावाने जात नाहीत. कायद्याचा वर्ग आणि पदार्थाचा गुणधर्म यांची गल्लत करू नका.

साच्याची एक बाजू मात्र घ्यायला हवी. त्याने करता येण्याजोगं काम मिळतं. कपाट विभागात आहे, फिल्म विकत मिळते, पंचेचाळीस दिवस सेमिस्टरमध्ये बसतात. उघड्या पाकिटाचा अभ्यास करायचा तर दर तिसऱ्या दिवशी चमचा घालून भाजणी काढायला माणूस लागतो, आणि माणूस कधी ओला चमचा घालतो. आकडे विखुरतात, गाइड नाराज होतात. मी आता पीएच.डी.त हेच करतेय आणि माझे आलेख माझ्या एम.टेक.च्या आलेखांपेक्षा कुरूप आहेत. एरर बार बघून मागच्या सेमिनारला एकाने विचारलं, “हा प्रयोग फसला का?” फसला नव्हता. घरं अशीच असतात.

तुमचा पदार्थ भाजणी नसेल. कॉफी असेल तर सगळा हिशोब निराळा: ताज्या भाजलेल्या बिया कार्बन डायऑक्साइड सोडत राहतात, आणि भाजल्या दिवशीच सील करायचं म्हटलं की एकदिशा व्हॉल्व्ह लागतो, नाहीतर पाऊच फुगतो. पण सुरुवात तीच करा. फिल्मची यादी करण्याआधी एक कागद घ्या आणि पदार्थाची दिनदर्शिका लिहा: तयार कधी झाला, निघाला कधी, पोचला कधी, उघडला कधी, कुठे ओतला, संपला कधी, आणि संपायच्या आत पुढचा आला का. त्यातल्या प्रत्येक टप्प्याला पदार्थ कशाने बिघडतो ते शेजारी लिहा. मग बघा किती ओळींचं उत्तर फिल्म आहे. माझ्या सात ओळींपैकी दोनांचं होतं.

काकूंनी माझ्या नव्या आकड्यांची वाट बघितली नाही. त्यांनी पाव किलोची जोडी सुरू केली, साध्या पारदर्शक लॅमिनेटमध्ये, ‘आत किती उरलंय ते दिसतं तरी’ म्हणून. बाजरी जरा जास्त भाजायला लागल्या. आणि दर महिन्याच्या वीस तारखेला गटातली एक मुलगी सगळ्यांना व्हॉट्सअ‍ॅप करते: “मागची संपली का? एक पाठवू की दोन?” फॉइलचे उरलेले पाऊच माळ्यावर आहेत. दिवाळीत त्यात चकल्या भरून बघितल्या, पण टोकं टोचतात म्हणे.